मिस्त्री लुधियानावाले, देणे रुपये १५

दिवाळीच्या पाडव्याला आई नवी वही घालायची. लाल कापडी बांधणीची लांबट वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, खाली 'श्री', आणि मग जुन्या वहीतली येणी-देणी नव्या वहीत उतरवून घ्यायची. लोकरवाल्याची बाकी, शिलाई करणाऱ्या बायकांचे पैसे, दुकानदाराकडून यायची राहिलेली रक्कम. ही नावं आणि आकडे दर वर्षी बदलत. एक ओळ तेवढी बदलली नाही. 'मिस्त्री लुधियानावाले, देणे रुपये १५.' ही ओळ १९७६च्या वहीत पहिल्यांदा आली. २००८च्या पाडव्याला आईनं ती शेवटची लिहिली. हात कापत होता, म्हणून पंधरातला पाच थोडा वाकडा आला आहे. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. तेव्हापासून ती ओळ मी उतरवते.

वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आम्ही नगरला राहत होतो, घरात आजी, आई आणि मी. आईचं माहेर राहुरीकडचं, पाटाच्या पाण्यावरची शेती. मामानं एक गाय विकली आणि त्या पैशांत आईला स्वेटर विणायचं जुनं हातमशीन घेऊन दिलं. कुणीतरी सांगितलं होतं, शाळांच्या स्वेटरची कामं मिळतात, बाईमाणसाला घरबसल्या करता येतं. मशीन लुधियान्याचं होतं, पण आमच्याकडे येईपर्यंत दोन-तीन घरं फिरून आलं होतं.

ज्यांनी असं मशीन पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घराचं कौलारू छप्पर असतं ना, दोन उतार वर एका आढ्याला मिळतात, तसे दोन लोखंडी पाट समोरासमोर तिरके बसवलेले असतात. दोन्ही पाटांना खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक सुई. आमचं मशीन सात गेजचं होतं, म्हणजे इंचाला सात सुया. छत्तीस इंची पाट, तेव्हा एका बाजूला २५२ सुया. सुईच्या टोकाला आकडा, आणि आकड्यामागे उघडझाप करणारी इवलीशी जीभ. वरून एक जड गाडी दोन्ही हातांनी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे ओढायची. गाडीच्या पोटात उंचवटे असतात. त्यांच्यावरून सुया ओळीनं वर येतात, धागा पकडतात आणि खाली जातात. खाली जाताना जुना टाका जिभेवरून सरकून आकड्यापलीकडे पडतो आणि नवा टाका तयार होतो. दोन्ही पाटांच्या मधल्या फटीतून कापड खाली उतरतं, त्याला वजनं लटकवलेली असतात.

पण सुईनं पकडायला धागा नेमका तिथं हवा. ते काम फीडरचं. गाडीतला एक खुंट फीडरला आपल्याबरोबर ओढत नेतो, आणि फीडरच्या टोकातल्या भोकातून धागा सुयांच्या आकड्यांपुढे पडत जातो. कापडाच्या कडेला फीडर एका अडणीला लागून थांबतो, गाडी त्याला सोडून थोडी पुढं जाते, आणि परत फिरताना पुन्हा उचलून घेते. बघायला अगदी साधं काम. माझ्या पुढच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी जे काही केलं ते बरंचसं या साध्या कामाभोवतीच फिरत राहिलं.

१९७६च्या सप्टेंबरात आईला मरून रंगाच्या १२० स्वेटरचं काम मिळालं. गणवेशाचं कंत्राट घेणारा एक दुकानदार होता, त्याच्याकडून. पहिले चाळीस तयार करून आईनं पाठवले आणि ते चाळीसच्या चाळीस परत आले. डावी कड झालरीसारखी सैल, उजवी कड ठीक. आणि उजेडात धरलं की कापडावर एक ओळ घट्ट, एक ओळ सैल, अशा बारीक पट्ट्या. दुकानदाराचा माणूस उंबऱ्यात उभा राहूनच म्हणाला, "वहिनी, हात सारखा चालत नाही तुमचा. एकीकडे जोर लावता, एकीकडे सोडता."

आईनं ते खरं मानलं. रात्री जेवणं झाल्यावर ती बिनधाग्याची नुसती गाडी ओढत बसायची, दोन्हीकडे सारखा जोर लावायची सवय करत. आजी अंथरुणातून म्हणायची, "अगं, झोप आता." तिच्या उजव्या खांद्याला सूज आली होती. मी बारा वर्षांची, मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आईचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला आहे एवढं दिसत होतं. हात वाईट असला तर मशीन काय करणार, असं ती लोकरवाल्याकडे बोलली. त्यानंच मिस्त्रींना पाठवलं.

मिस्त्री एका कारखान्यात नवी मशीनं बसवायला पंजाबातून आले होते. उंच, पांढरी दाढी, खाकी पिशवी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. आई सैल कडेचा स्वेटर घेऊन पुढं झाली. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "कपडा बाद में, बहनजी. पहले धागे का रास्ता," असं म्हणून ते सरळ जमिनीवर बसले आणि धागा गुंडाळलेल्या कोनपासून वर बघायला लागले. कोनवरून धागा कुठं जातो, कुठं वळतो, कशाला घासतो. एकेका जागी बोट ठेवत ते वर सरकत होते. फीडरशी पोचायला त्यांना पाव तास लागला असेल.

आई ते बघत होती. मग मला म्हणाली, "पाटाच्या पाण्यासारखं आहे गं हे. शेवटच्या वाफ्याला पाणी कमी पडलं तर वाफ्यात उभं राहून काय होणार? पाट कुठं फुटला ते वरून बघत यावं लागतं." मी ते मिस्त्रींना मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि आईकडे नव्यानं बघितलं. घरी त्यांचीही शेतीच असावी.

त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी : "हाथ ठीक है आपका." आईनं मला विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. ती मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

दोष दांडीत होता. धागा वरून आणणारी दांडी मुळात मशीनच्या मध्यावर आणि उंच असायला हवी. आमच्या मशीनवर ती पेलणारी पट्टी कधीतरी तुटली होती, आणि आधीच्या कुणीतरी ती दांडी डाव्या टोकाला, जेमतेम हातभर उंचीवर तारेनं आवळून ठेवली होती. त्यामुळे काय होत होतं, याचा हिशोब मी पुढं कॉलेजात असताना केला, तो ढोबळमानानं इथं देते. अठरा इंच रुंदीच्या पाठीला एका ओळीत साधारण तिप्पट, म्हणजे ५४ इंच धागा लागतो असं धरू. फीडर डावीकडून उजवीकडे गेला की तो दांडीपासून अठरा इंच लांब जातो. म्हणजे विणायला लागणारा ५४ इंच धागा आणि शिवाय तेवढं अंतर भरून काढायला अठरा, असा एकूण ७२ इंच धागा कोनवरून ओढला जातो. परत येताना अठरा इंच आधीच बाहेर आलेला असतो, म्हणून कोनवरून फक्त ३६ येतो. एका ओळीला ७२, दुसऱ्या ओळीला ३६. ओढ दुप्पट-निम्मी होणार, टाका लहान-मोठा होणार, आणि डाव्या कडेला उरलेला धागा लोंबणार. आईचा हात दोन्हीकडे सारखाच चालत होता. धागाच सारखा मिळत नव्हता.

मिस्त्रींनी हा हिशोब कागदावर केला नाही. त्यांनी दोन बोटांमध्ये धागा हलकेच धरला, आईला गाडी ओढायला सांगितली, आणि बोटांना लागली ती ओढ मलाही लावून दाखवली. जाताना धागा कातडी कापेल असा ताठ, येताना मेल्यासारखा. बारा वर्षांच्या मुलीला ते तत्काळ कळलं. पुढं ओढ मोजायची काटेवाली साधनं मी खूप वापरली, पण कुठल्याही नव्या मशीनपुढे उभी राहिले की माझी दोन बोटं आधी धाग्याकडे जातात.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी एक जुना पाइप कापून दांडी उंच केली आणि मध्यावर आणून बसवली. कोन नेमका पहिल्या भोकाखाली ठेवला, म्हणजे धागा कोनच्या कडेला न घासता वरच्या वर सुटावा. मग त्यांनी जे केलं ते मी आजही जसंच्या तसं करते. खिशातून कापसाचा बोळा काढला, बारीक वळला, आणि धागा जातो त्या प्रत्येक भोकातून, कडीतून फिरवला. दोन जागी कापसाचे तंतू अडकून राहिले. तिथं खाच पडली होती. लोखंडाच्या कडीला धाग्यानं खाच! लोकरीसारखा मऊ धागा, पण दिवसाला हजारो हात घासून घासून त्यानं लोखंड कापलं होतं, केसाएवढी खाच. डोळ्याला दिसत नव्हती, बोटाला लागत नव्हती, पण कापसाला सापडली. त्या जागी त्यांनी पिशवीतल्या पुडीतून चिनीमातीच्या दोन पांढऱ्या कड्या काढून बसवल्या. चिनीमाती लोखंडापेक्षा कठीण आणि गुळगुळीत, तिला धागा सहजी कापत नाही. कड्यांचे म्हणून त्यांनी वेगळे पैसे लावले नाहीत.

दुसरी संध्याकाळ तारेची. दांडीच्या माथ्यावर दोन तबकड्या असतात, त्यांच्यामधून धागा दाबून जातो, आणि तबकड्यांच्या पुढे एक लांब लवचीक तार कमानीसारखी बाहेर आलेली असते. कडेवर गाडी उलटी फिरते त्या क्षणी थोडा धागा मोकळा पडतो. तो मोकळा धागा वर ओढून घ्यायचं काम त्या तारेचं. तार मऊ असली तर कड सैल होते, ताठ असली तर कड आवळून कापड बोटीसारखं वळतं. आमची तार गंजून मऊ झाली होती. मिस्त्रींनी पोलादी तारेचं नवं वेटोळं वळलं, चिमट्यानं, हातानंच. वळायचे, लावायचे, आई चार ओळी विणायची, ते काढायचे, अर्धा वेढा सोडायचे, पुन्हा लावायचे. मी कंदील धरून उभी होते, तेव्हा आमच्या भागात वीज फार जायची. सातव्या-आठव्या वेळी ते थांबले. तार परत वर जाताना एकदाच हलली आणि स्थिर झाली. "अब साँस लेती है," असं काहीसं ते स्वतःशीच पुटपुटले.

तिसऱ्या संध्याकाळी फक्त आवाज उरला होता. फीडर अडणीला लागताना टण्ण असा आवाज यायचा, लोखंडावर लोखंड. मला तो आवाज आवडायचा, मशीन चालू असल्याची ती खूण होती. मिस्त्रींनी मला गाडी ओढायला लावली आणि स्वतः अडणीशी डोळा नेला. फीडर आपटून बोटभर मागं उसळत होता. गाडी परत येऊन त्याला उचलेपर्यंत तेवढा धागा ढिला पडायचा, आणि सुधारलेली कडसुद्धा मधूनच एखाद्या टाक्याला फसायची. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आईला विचारलं, घरात स्टोव्ह आहे का?

रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात चामड्याचा वाटीसारखा वॉशर असतो. एक जादाचा वॉशर आईनं डब्यात जपून ठेवला होता, तो दिला. पण अडण्या दोन होत्या. आईनं क्षणभर विचार केला, चालू स्टोव्ह विझवला, आणि पंप उघडून त्यातला वॉशर काढून त्यांच्या हातावर ठेवला. मिस्त्रींनी दोन्ही वॉशर कापून सपाट केले, गोडेतेलात भिजवले, दाबून पुसले आणि अडण्यांच्या तोंडावर बारीक खिळ्यांनी ठोकले. मी गाडी ओढली. टण्ण आलं नाही. 'धप्' असा बुटका आवाज आला, जड उशीवर हात पडावा तसा, आणि फीडर जिथल्या तिथं राहिला. त्या रात्री आजीनं परसात तीन दगड मांडून चूल पेटवली आणि त्या चुलीवरची भाकरी मिस्त्री आमच्याकडे जेवले.

जाताना आईनं विचारलं, "मिस्त्रीदादा, काय द्यायचं?" ते म्हणाले, "पंदरह." दुकानदाराकडून पैसे शनिवारी यायचे होते, म्हणून आई म्हणाली, शनिवारी देते. त्यांनी मान हलवली. शुक्रवारी दुपारी त्यांना घरून तार आली आणि ते मिळेल त्या गाडीनं गेले. जायच्या आधी वीस मिनिटं आमच्या दारात उभे राहिले, पैशांसाठी नव्हे. दांडीवरची तार गंजू नये म्हणून तिला तेलाचं बोट कधी लावायचं आणि धाग्याला ते तेल लागू नये म्हणून काय करायचं, हे सांगायला. एका चिठोऱ्यावर गुरुमुखीत पत्ता लिहून दिला. आम्हाला कुणालाच ती लिपी येत नव्हती. शनिवारी पैसे आले. पंधरा रुपये आईनं वेगळे काढून पाकिटात घातले आणि वहीत ओळ लिहिली.

ते १२० स्वेटर गेले. पुढच्या वर्षी आणखी दोन शाळा मिळाल्या. त्या मशीनवर आईनं घर चालवलं, आजीचं आजारपण काढलं, आणि मला मुंबईला माटुंग्याच्या व्ही.जे.टी.आय.मध्ये टेक्स्टाइलच्या डिप्लोम्याला पाठवलं. मी तिथं गेले ती याच कुतूहलानं.

वाचनालयात या यंत्राचा वंश वाचताना मला भरून यायचं. विल्यम ली नावाच्या इंग्रजानं १५८९ साली पायमोजे विणायचं पहिलं यंत्र केलं, त्यावर धागा सुयांवर अंथरायचं काम माणसाचा हातच करायचा. तीच धागा-वाटेची पहिली अवस्था : बोटं. मग १८४९ साली लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडनं जिभेच्या सुईचं पेटंट घेतलं. १८६३ साली अमेरिकेत आयझॅक लॅम्बनं दोन पाटांच्या सपाट मशीनचं. १८६७ साली एदुआर दुबिएद या स्विस माणसानं त्याचे हक्क घेऊन कूवे गावी कारखाना उभा केला. पुढं जर्मनीत हाइनरिश श्टोलनं मशीनं बांधायला घेतली. आमच्या घरच्या त्या मोडक्या मशीनचा आजा-पणजा मला असा पुस्तकात भेटला. पण एक गोष्ट खटकत राहिली, ती आजही खटकते. सगळी पुस्तकं सुया आणि उंचवट्यांवर भरभरून लिहितात. धाग्याच्या वाटेला मात्र दोन-चार पानं येतात, आणि तिथं नावं नसतात. कमानीची तार कुणी लावली, चिनीमातीची कडी विणकामात पहिल्यांदा कुणी आणली, हे मला आजवर कुठं लिहिलेलं सापडलं नाही. सुई करणारा पेटंट घेतो. धाग्याची वाट ज्यानं नीट केली, तो मशीन चालू करून पुढच्या गावाला जातो.

१९८४च्या नोव्हेंबरात मी मुंबईत नोकरीला लागले होते. सुट्टीला घरी गेले तेव्हा आई पेपर हातात घेऊन वही उघडून बसली होती. पंजाबचं, दिल्लीचं नाव आलं की ती ती ओळ बघायची. "मिस्त्री बरे असतील ना गं?" एवढंच विचारायची. मी काय सांगणार?

१९९३ साली कामासाठी लुधियान्याला जायचं ठरलं. आईनं ते पाकीट आणि चिठोरा माझ्याकडे दिला. पाकिटातल्या नोटा तिनं मधल्या वर्षांत दोनदा बदलल्या होत्या, जुन्या होऊ नयेत म्हणून. झेलम एक्सप्रेस नगरवरूनच जाते. आई स्टेशनवर सोडायला आली आणि खिडकीतून पुन्हा म्हणाली, "व्याज घ्या म्हणावं, पण घ्या."

लुधियान्यात तेव्हा वाईट दिवस होते. तिथला स्वेटरचा धंदा मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत रशियाच्या मागणीवर चाले, आणि १९९१ साली ते राज्यच मोडलं. गल्लोगल्ली मशीनं कपड्यांनी झाकून ठेवलेली. चौडा बाजारात एका पुस्तकवाल्यानं चिठोरा वाचून दिला. पत्ता एका मशीन दुरुस्तीच्या दुकानाचा होता. तिथं आता स्टीलची भांडी विकत होते. शेजाऱ्यांना पांढऱ्या दाढीचे मिस्त्री पुष्कळ आठवत होते, आणि आमच्याकडे नाव नव्हतं. 'मिस्त्री' एवढंच म्हणून आम्ही त्यांना तीन संध्याकाळी जेवू घातलं होतं. त्यांचं नाव विचारायचं राहिलं याचं मला आजही फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी ज्या कारखान्यात माझं काम होतं, तिथं हातमशीनांची एक रांग अजून चालू होती. आत शिरले आणि पाय थबकले. तो आवाज. धप्, धप्, धप्. वीसेक मशीनं, प्रत्येक अडणीच्या तोंडाशी चामड्याचा तुकडा, काहींवर तर पंपाच्या वाटीची गोलाई अजून दिसत होती. मी तिथल्या सगळ्यांत वयस्कर कारागिराला विचारलं, उस्तादजी, हे चामडं कुणी लावायला सुरुवात केली? त्यांना प्रश्न कळलाच नाही. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, हे तर असंच असतं. आमच्या उस्तादांनी लावलं, त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं. मी आमच्या मिस्त्रींचं वर्णन केलं, चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडीही सांगितली. ते हसून म्हणाले, बेटा, इथं सगळ्यांच्याच चष्म्याला दोरा असतो.

तेव्हा मला कळलं की त्या रात्री मिस्त्रींना ते सुचलं होतं असं मी सतरा वर्षं धरून चालले होते, आणि कदाचित तसं नव्हतं. कुणीतरी त्यांना ते दिलं होतं. त्यामुळे देणं कमी झालं असं मला वाटलं नाही. घरी येऊन पाकीट आईला परत दिलं. तिनं काही विचारलं नाही, कपाटात ठेवलं आणि पाडव्याला ओळ पुन्हा लिहिली.

त्यानंतर मी जी मशीनं पाहिली त्यांची नावं सांगत बसले तर पानं पुरायची नाहीत. जपानमधल्या वाकायामाच्या शिमा सेइकी कंपनीनं १९९५ साली मिलानच्या प्रदर्शनात अख्खा स्वेटर शिवणीशिवाय मशीनवरच विणून दाखवला. वीस वर्षांनी, २०१५ साली त्याच मिलानमध्ये मी स्वतः गेले, आणि माझे सगळ्यांत जास्त तास गेले ते श्टोलच्या एका मशीनपुढे. त्याचे फीडर गाडी ओढत नव्हतीच. बत्तीस फीडर, प्रत्येकाला स्वतःची मोटर. गाडी आपल्या वाटेनं, फीडर आपल्या वाटेनं.

ज्यांनी रंगीत चौकडीचे स्वेटर विणले आहेत त्यांना याचं मोल कळेल. अशा कामात एकेका रंगाचा फीडर आपापल्या चौकटीच्या कडेला थांबतो, आणि नेमका शेजारच्या रंगाच्या सुयांच्या वाटेत उभा राहतो. मग त्याला बाजूला सारायला गाडीची एक रिकामी फेरी घालावी लागायची, किंवा फीडर झुलवून बाजूला करायची सोय लागायची. इथं फीडर स्वतःच हटत होता आणि वेळ झाली की स्वतःच येत होता. शिवाय वर-खालीही होत होता. एका धाग्यावर दुसरा धागा नेमका चढवायचा तर दोघांनी सुईपाशी वेगवेगळ्या उंचीवरून यावं लागतं, ते काम त्यामुळे सोपं झालं. मी जवळ जाऊन बघितलं. धागा जातो तिथं पांढरी चिनीमातीची कडी होती. मग टोकाशी डोळा नेला, अडणी शोधत. अडणी नव्हती.

मशीन दाखवणाऱ्या तरुणाला मी विचारलं, कडेला थांबताना हा उसळत नाही का? त्याला प्रश्न आवडला. त्यानं सांगितलं, मोटर शेवटच्या टप्प्यात वेग कमी करत आणते, म्हणून धक्का बसतच नाही, आणि किती आधी मंद व्हायचं ते पडद्यावर ठरवता येतं. त्यानं आकडा बदलून दाखवला. मी त्याला चामड्याच्या वॉशरची गोष्ट सांगितली. बाजूची एक-दोन माणसं थांबून ऐकायला लागली. त्यानं माझ्या वहीत स्टोव्हच्या पंपाचं चित्र काढायला लावलं आणि त्याचा फोटो घेतला.

आईचं मशीन नगरच्या घरात आहे. नात्यातली माझी एक भाची आता तिथं राहते, लहान मुलांचे स्वेटर आणि टोप्या विणते. हातानं विणलेलं लोकांना पुन्हा हवंसं झालं आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, डावी कड पुन्हा सैल येते आहे. माझा हात सारखा चालत नाही का गं?"

"हाताला काही झालेलं नाही," मी म्हटलं, "मी येते."

गेले, आणि कोनपाशी जमिनीवर बसले. गुडघे दुखतात आता. दांडी मध्यावरच होती. कापसाचा बोळा फिरवला, कड्या गुळगुळीत होत्या, मिस्त्रींच्याच. तार मी मागे एकदा बदलली आहे, ती ठीक होती. अडण्यांवरचं चामडं मात्र वाळून लाकूड झालं होतं, एकाचा तुकडा उडालेला. चामड्याचा वॉशर शोधायला आम्ही दोघी अर्धा दिवस गावात फिरलो, स्टोव्ह दुरुस्त करणारे आता राहिले नाहीत. शेवटी हातपंपाचं सामान विकणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे मिळाला, मोठा, जाड. त्याचे दोन तुकडे कापले, रात्रभर गोडेतेलात ठेवले, सकाळी दाबून पुसले आणि बारीक खिळ्यांनी बसवले. खिळ्यांची डोकी चामड्यात पूर्ण बुडली पाहिजेत, नाहीतर फीडर खिळ्यावरच आपटतो. भाचीला तिथं बोट फिरवून बघायला लावलं.

मग तिला गाडी ओढायला सांगितली आणि मी अडणीशी डोळा नेला.

धप्.

"पुन्हा ओढ," मी म्हटलं.

तिनं ओढली.